आमची बोली पाहिजे, आमचा लेखक नको? मराठी वाहिन्यांना आणि मालिकांच्या निर्मात्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या फिक्शन विभागातली सगळी मंडळी आणि मालिकांचे निर्माते,

नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. तुमच्यापैकी एका वाहिनीनं माझी गोष्ट घेतली आणि मला सोडलं. मालिका होणार आहे, विदर्भातली मालिका म्हणूनच होणार आहे, पण कथा 'टीम'च्या नावावर, पटकथा मुंबईतल्या दोघांच्या नावावर, आणि मला निरोप आला की ताई तुम्हाला बोली सल्लागार म्हणून घेतो, एपिसोडमागे एक ठरलेली रक्कम, नाव शेवटच्या पाट्यांमध्ये जागा असली तर. शूटिंग वाईला. नायिका प्रमाण मराठी बोलणार, वऱ्हाडी बोलणार ती घरातली कामवाली आणि एक विनोदी मामा. कारण विचारलं तर म्हणे विदर्भातून नंबर, म्हणजे टीआरपी, येत नाहीत आणि बाकी महाराष्ट्राला ती भाषा कळत नाही.

वाहिनीचं नाव मी लिहीत नाहीये. हे एका वाहिनीपुरतं असतं तर फोनवर भांडून मोकळी झाले असते. पण ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोलले, अमरावतीचे, वर्ध्याचे, भंडाऱ्याचे लिहिणारे, सगळ्यांकडे थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. म्हणून सगळ्यांना मिळून लिहितेय, आणि माझ्या नावानं, माझ्याच पानावरून टाकतेय. आता कामं येणार नाहीत असं घरच्यांनी सांगून झालंय.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात राहते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये माझा नंबर आहे, कारण मालिकेत विदर्भातलं कोणी पात्र आलं की रात्री अकराला मेसेज पडतो, ताई चार सीन पाठवलेत, तुमच्या भाषेत करून द्या ना, सकाळी नऊची शिफ्ट आहे. मी करून देते. घरात रेंज येत नाही म्हणून गच्चीवर बसून करून देते. आणि नुसती भाषा बदलून भागत नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, माणूस बदलावा लागतो, म्हणजे सासू सुनेवर चिडली तर आमच्याकडची सासू असं भाषण देणार नाही, ती गप राहील आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात भांडी आपटेल, मग मी तो सीन अख्खा पुन्हा लिहिते. सकाळी तो तसाच्या तसा शूट होतो. पाटीवर 'संवाद' म्हणून ज्यांचं नाव येतं त्यांनी तो सीन वाचलेलाही नसतो कधीकधी.

थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे ही हौशी बाई नाही हे तरी कळेल. आमच्या लहानपणी पत्र्यावर अँटेना आणि चॅनल एकच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्याच्यावरचा 'आमची माती आमची माणसं' माझा बाप हातातलं काम टाकून पाहायचा. तो म्हणायचा, हा डबा आपल्याशी बोलतो. बाकीचे कार्यक्रम दुसऱ्या कोणाशी बोलायचे, हे मला तेव्हाही कळायचं. खेडं आणि टीव्ही यांचं नातं काही आजचं नाही, १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले, चावडीवर, शाळेत, गाव गोळा करून. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण या देशात टीव्ही कोणासाठी वाढवायचा हा विचार करताना शेतातला माणूस कोणाच्या तरी डोळ्यासमोर होता एवढं खरं.

मी कॉलेजला असताना १९९९ ला अल्फा मराठी आलं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. आमच्या गावात केबल दोन-तीन वर्षांनी आली. तोपर्यंत मी आकाशवाणी यवतमाळला श्रुतिका पाठवायला लागले होते आणि गावातल्या गणपतीत नाटकं लिहायचे. मग मुंबई. गोरेगावला एका खोलीत चौघी, आणि एका मोठ्या लेखकाकडे सहाय्यक. सहाय्यक म्हणजे काय हे वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण प्रेक्षकाला वाटतं मालिका एक माणूस लिहितो. आधी कथा, म्हणजे पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय होणार. त्यातून वन लाइनर, रोजच्या एपिसोडला कोणते पाच-सहा सीन. मग पटकथा, मग संवाद. प्रत्येक पायरीवर वाहिनीचे क्रिएटिव्ह, निर्मात्याचे क्रिएटिव्ह, मग दुरुस्त्या, मग गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅक बंद आणि नवीन ट्रॅक चालू, आणि आठवड्याचे सहा एपिसोड काही थांबत नाहीत, आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की सेटवर लोकं मेकअप करून बसलेली आणि इकडे लेखक पानं पाठवतोय. ही पानं बऱ्याचदा सहाय्यक लिहितात. मी लिहिली. पाटीवर नाव नाही. शिकतेयस तोवर नावाचं काय, असं म्हणायचे, मी पण मान्य केलं, सगळेच तसं शिकतात.

पण शिकणं संपलं तरी नाव आलं नाही. नंतर मी स्वतः छोटी निर्मिती पण करून पाहिली, मैत्रिणीसोबत, शेतीचे आणि लोककलेचे काही माहितीपट, बजेट बसवणं, युनिटचं जेवण, कॅमेऱ्याचं भाडं, एडिटच्या टेबलावर रात्रभर, सगळं केलं. २०२० मध्ये लॉकडाऊनला शूटिंगं बंद पडली, येणारे पैसे अडकले, मी गावी परत आले. तेव्हापासून फोनवरची लेखिका.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार नावाची. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाला स्वतःच्या लिखाणावर आपलं नाव सांगायचा हक्क दिलेला आहे, हक्क विकून टाकले तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीचा पण हक्क दिला. तुमच्याकडे वकील आहेत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी आमच्यासारख्यांशी करारच होत नाही, व्हॉट्सअॅपवर काम येतं, व्हॉट्सअॅपवर जातं, आणि करार झालाच तर वीस पानी इंग्रजी, खाली सही करा, उद्यापासून चालू. माझी माय आता पंच्याहत्तरीला आली. मी लिहिलेला एपिसोड लागला की ती शेवटच्या पाट्या येईपर्यंत बसून राहते, पाट्या अर्ध्या स्क्रीनवर दाबून पळवतात, बाजूला दुसऱ्या मालिकेचा प्रोमो. नातवाला सांगून तिनं एकदा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला, थांबवून थांबवून पाहिला आणि मला विचारलं, "काऊन वं, यात तुयं नाव कुठी हाये?" तिला काय सांगायचं हे तुम्ही मला सांगा. चहा देणाऱ्याचं नाव पाटीवर असतं, असायलाच पाहिजे, तो पण राबतो. मग ज्यानं सीन लिहिला त्याचं का नसावं?

मनोहर श्याम जोशींनी १९८४ ला 'हम लोग' लिहिली, चाळीस वर्षं झाली तरी मालिकेसोबत लेखकाचं नाव निघतं. राही मासूम रझा गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावचे, त्यांनी टीव्हीवरच्या 'महाभारत'ची पटकथा-संवाद लिहिले आणि अख्ख्या देशानं ते ऐकले. गावातला माणूस लिहू शकतो का हा प्रश्न तेव्हाच निकालात निघालेला आहे. तेव्हा गावातल्या माणसाला कथाकार म्हणून घेतलं, सल्लागार म्हणून नाही.

दुसरी तक्रार माझ्या गोष्टीची, आणि इथे जरा सविस्तर सांगते कारण जीव तिथेच अडकलाय.

माझी नायिका वेचणीच्या बायांची टोळी चालवते. ऑक्टोबरपासून पुढे आमच्याकडे कापूस फुटतो, सगळ्यांचा एकदमच फुटतो, आणि वेचायला माणूस मिळत नाही. तेव्हा अशा बाया असतात ज्या वीस-पंचवीस जणी गोळा करतात, मालवाहू ऑटोत बसवून या गावातून त्या गावात नेतात, मालकाशी किलोचा भाव ठरवतात, आणि संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी उभ्या राहतात. संध्याकाळचा तो काटा हीच माझी मालिका होती. प्रत्येकीचं गाठोडं टांगायचं, मालक फडक्याचं वजन म्हणून अर्धा किलो कापतो, ती म्हणते फडकं काय लोखंडाचं हाय काय, मागच्या बायका हसतात, मालकाला ते हसणं झोंबतं, आणि तिथून भांडण चालू. त्यात एक नवी पोरगी असते, जिचा नवरा फवारणीत डोळे अधू करून घरी बसलाय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, किती जण दवाखान्यात होते, त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, हे सगळं मी लांबून पाहिलेलं नाही. तरी माझी गोष्ट रडकी नव्हती. आमच्याकडची म्हटलं की तुम्हाला आत्महत्याच पाहिजे नाहीतर विनोदी मामा, मधलं काही नको असतं. यात भांडणं होती, भिशी होती, भुलाबाईची गाणी होती, ऑटोवाल्यासोबत हळूहळू जमणारं प्रेम होतं, तान्ह्या पोळ्याला मुलाचा लाकडी बैल सजवायला पैसे नाहीत म्हणून चाललेली धडपड होती. सोम ते शनि चालेल एवढा मालमसाला होता, मला माहिती आहे, हेच तर माझं काम आहे.

तुम्ही काय केलं? टोळीवाली बाई काढली. तिच्या जागी वाड्यातली सून आली, जिच्या सासऱ्याची दोनशे एकर आहे आणि जी पहिल्याच एपिसोडला डोक्यावर टोपलं घेऊन कापूस वेचायला जाते. मला पाठवलेल्या ट्रायल शूटमध्ये ती बाई पऱ्हाटीचं अख्खं बोंड देठापासून तोडून टोपल्यात टाकते. अहो, कापूस असा वेचत नाहीत. बोंड झाडालाच राहतं, त्यातून चिमटीनं कापूस ओढून घ्यायचा, वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, नखांच्या कडेला चिरा पडतात, म्हणून बाया बोटांना चिंध्या बांधतात. पोटाशी फडकं बांधलेलं असतं, टोपलं नसतंच. सकाळी दवात वेचलं तर पाला चुरत नाही, कापूस स्वच्छ येतो, ऊन चढलं की वाळक्या पाल्याचा चुरा कापसाला चिकटतो आणि मालक तोंड करतो. या एका गोष्टीत माझे तीन सीन होते. मी फोनवर सांगितलं की वाईकडे ऊस, हळद, तिथे तुम्हाला पऱ्हाटी कुठून मिळणार, तर उत्तर आलं, आर्ट डिपार्टमेंट लावून घेईल.

आर्टवाल्यांवर माझा राग नाही, ती माणसं एका रात्रीत गाव उभं करतात. पण ज्या जिल्ह्यांत कोसभर चाललं तरी पऱ्हाटी संपत नाही, तो भाग सोडून कुंड्यांत पऱ्हाटी लावायची, आणि वर मालिका विदर्भातली म्हणायचं, हे मला पटत नाही.

तिसरं, ते नंबरचं. टीआरपीची मशीनं कित्येक वर्षं मोठ्या शहरांतच होती. टीव्ही कोण किती पाहतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं खेड्यातले आकडे द्यायला सुरुवात केली ती ऑक्टोबर २०१५ पासून. देशभर अठ्ठावन्न हजारांच्या आसपास घरांत मीटर, त्यात महाराष्ट्र-गोवा हा एक बाजार, त्यात ग्रामीण, त्यात आमचे अकरा जिल्हे. या हिशोबात आमच्या वाट्याला काय येतं ते तुम्हीच काढा. दुसरं म्हणजे आमच्याकडे घरोघरी दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचा रिचार्ज नाही म्हणून, आणि तुमची मोठी पैशाची चॅनलं त्याच्यावर दिसतच नाहीत. जे दिसत नाही ते कोण पाहणार? आणि ज्यांच्याकडे केबल आहे, खास करून गोंदिया-भंडाऱ्याकडे, ते हिंदी मालिका पाहतात, कारण मराठी मालिकेतलं घर त्यांच्या घरासारखं बोलत नाही तर हिंदीतलं तरी का नको, हा सरळ हिशोब आहे. म्हणजे आधी आम्हाला दाखवायचं नाही, आणि मग आम्ही पाहत नाही म्हणून दाखवायचं नाही.

भाषा कळत नाही हे तर मुळीच खरं नाही. २०१६ ला 'माझ्या नवऱ्याची बायको' चालू झाली, त्यातली राधिका नागपूरची, वऱ्हाडी वळणाचं बोलायची, अनिता दाते मूळच्या नाशिकच्या पण त्यांनी मन लावून ती भाषा उचलली, आणि ती मालिका किती आठवडे पहिल्या नंबरला होती हे तुमच्याच गुरुवारच्या कागदांवर आहे. पुण्यातल्या, सांगलीतल्या, रत्नागिरीतल्या बायांना राधिका कळली. भरत गणेशपुरे अमरावतीकडचे, ते बोलायला लागले की सगळा महाराष्ट्र ऐकतो. मग अडचण भाषेची नाही ना. पण राधिका सुद्धा मुंबई-ठाण्याकडच्या सोसायटीत राहायची. तिचं माहेर आम्हाला पाहायचं होतं.

दुसऱ्या भागांचं पाहून आनंदच होतो, हेवा नाही. 'रात्रीस खेळ चाले' कोकणात सावंतवाडीजवळ आकेरीला जाऊन शूट केली, मालवणी बोलली, चालली. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे, तेजपाल वाघ यांनी लिहिली, ते त्याच मातीतले, कितीतरी कलाकार तिथलेच, आणि पुढे त्यांनी स्वतः निर्माता होऊन 'कारभारी लयभारी' काढली. हा रस्ता मला फार महत्त्वाचा वाटतो, लेखक आपल्या भागात राहून लिहितो, मग निर्माता होतो, मग दहा पोरांना काम देतो. साताऱ्याच्या लेखकाला तुम्ही हा रस्ता दिला, चांगलं केलं. आमच्या लेखकाला का नाही?

अंतराचं कारण पण आता सांगू नका. यवतमाळ मुंबईहून साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे हे मान्य, युनिटचा खर्च वाढतो हे पण मान्य, मी स्वतः बजेट बसवलेलं आहे. पण समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पा सुद्धा चालू झाला, कारंजा लाडला खाली उतरलं की आमचा तालुका लागलाच. उन्हाळ्यात शूट करू नका, कोणी म्हणत नाही, इथे मे महिन्यात आम्ही पण दुपारी बाहेर पडत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या, तेव्हाच कापूस असतो आणि तेव्हाच हवा चांगली असते. डेली सोपचं सगळं शूट इथे करणं जड असेल तर घराच्या आतलं तिकडे करा आणि बाहेरचं शेड्युल इथे लावा, हे काही नवीन नाही, सगळेच करतात.

आणि कलाकार मिळत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एक हिवाळा झाडीपट्टीत काढावा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत रोज रात्री गावोगाव नाटक, दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्री दहा-अकराला पडदा वर गेला की पहाटेपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यात वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं आहेत. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तिथले लेखक दरवर्षी कंपन्यांना नवीन नाटक लिहून देतात, रात्री दोनला माणूस डुलक्या खायला लागला की त्याला कसा जागा करायचा हे त्यांना माहीत आहे, पाच हजारांच्या गर्दीसमोर रोज परीक्षा असते त्यांची. प्रेक्षकाला धरून ठेवणाऱ्या तुमच्या हुक पॉइंटला याच्यापेक्षा मोठी शाळा कोणती पाहिजे? पण ऑडिशन ठेवता अंधेरीत. तिकडची पोरगी स्वतःच्या पैशानं रेल्वेत एक रात्र काढून येते, दोन मिनिटांत तिला सांगतात "थोडा टोन न्यूट्रल कर", आणि ती परत जाते.

चौथी तक्रार पैशाची, थोडक्यात. काम आज रात्री पाहिजे आणि पैसे नव्वद दिवसांनी. ट्रॅक बदलला तर लिहिलेल्या एपिसोडचे पैसेच नाहीत. मालिका अचानक बंद झाली तर शेवटचं बिल कोणाला मागायचं हे सांगायला माणूस नाही. मुंबईत राहणारा लेखक निदान ऑफिसात जाऊन बसू शकतो, आम्ही फोन करतो आणि फोन उचलला जात नाही.

पाचवी, विनोदाची. हसणारं पात्र असू नये असं मी म्हणत नाही, आमची माणसं हसरी आहेत, बोलण्यात टोमणा असतोच. पण प्रत्येक वाक्यात 'बे' घातला की वऱ्हाडी होत नाही. बाई बाईला बे म्हणत नाही, सुनेच्या तोंडी सासऱ्यासमोर तो शब्द घातलेला पाहून माझ्या वहिनीनं टीव्ही बंद केला. झाडीकडची बोली वेगळी, अकोल्याकडची वेगळी, नागपूर शहरातली अजून वेगळी, तुम्ही एका घरात तिन्ही घालता. आणि पडद्यावर वकील, डॉक्टर, नायक, चांगली सून, यांना ती बोली कधीच नसते. आमच्या तालुक्यातले डॉक्टर पेशंटशी वऱ्हाडीतच बोलतात, तहसीलदार मॅडम चिडल्या की वऱ्हाडीत चिडतात. शाळेतली पोरं टीव्ही पाहून ठरवतात की आपल्यासारखं बोलणारा माणूस फक्त हसण्यासाठी असतो. माझी भाची मुंबईला इंटर्नशिपला गेली तेव्हा पहिला महिनाभर ऑफिसात बोललीच नाही. हे तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण तुमचा वाटा त्यात आहे.

आता मागण्या. यातली एकही भीक नाही आणि एकही अशक्य नाही.

जो सीन लिहील त्याचं नाव लेखक म्हणून पाटीवर लागलं पाहिजे, वाचता येईल एवढा वेळ, आणि अॅपवर मालिका टाकता तिथेही. बोली सल्लागार हा शब्द ज्यांनी फक्त सल्ला दिला त्यांच्यासाठी ठेवा.

गोष्ट ऐकायला बोलावलं तर ऐकली म्हणून एक ईमेल द्या, तारखेसकट. ती करायची नसेल तर तसं लिहून कळवा. करायची असेल तर कथा म्हणून ज्याची त्याचं नाव, बदल कितीही करा. माझ्या या गोष्टीचा आराखडा मी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवलेला आहे आणि त्याची प्रत त्या वाहिनीला परवाच पाठवली आहे. कथेचं श्रेय मला मिळावं ही मागणी मी इथे जाहीर करते. नाहीतर ती गोष्ट मला परत द्या, तुम्ही तुमची वाड्यातली सून घेऊन दुसरं काही करा, माझी हरकत नाही.

करार मराठीत, आणि काम सुरू व्हायच्या आधी. पैसे तीस दिवसांत. लिहून घेतलेला एपिसोड तुम्ही वापरला नाही तरी त्याचा मोबदला.

विदर्भातली म्हणून जी मालिका काढाल तिच्या लेखकांच्या टीममध्ये इथे राहणारे निम्मे तरी असावेत, आणि ते कथेच्या मीटिंगला पहिल्या दिवसापासून बसलेले असावेत, शेवटी रंग मारायला बोलावलेले नकोत. मीटिंग ऑनलाइन चालते, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांची चाललीच.

ऑडिशन वर्षातून एकदा तरी वडशाला, अमरावतीला, नागपूरला घ्या. झाडीपट्टीचा सीझन चालू असताना या, कलाकार रोज स्टेजवरच दिसतील, वेगळं बोलवायची गरज नाही.

आणि एक मालिका, फक्त एक, पूर्ण इथली करून पाहा. नायिका इथली बोलणारी, घर इथलं, शेत इथलं, लेखक इथला, सहा महिने तरी वेळ द्या, पहिल्या चार गुरुवारांत गुंडाळू नका. नाही चालली तर मला जाहीरपणे सांगा, मी ऐकून घेईन.

निर्मात्यांना वेगळं सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण स्वतः लेखक होते, नाव नसण्याचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. वाहिनीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी तुम्हीच गप बसता, तिथे बोला. आणि मुंबईतले माझे लेखक मित्र, ज्यांच्या नावाखाली मी लिहिलं, तुमच्याविरुद्ध हे पत्र नाही. तुमच्यापैकी दोघांनी तर मला स्वतःच्या मानधनातून पैसे दिलेत, ते मी विसरले नाही. पण आता तुम्हीही एक ओळ लिहा, की हो, हे असं होतं.

इथल्या लिहिणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्याकडे असे मेसेज, पानं, मेल असतील तर जपून ठेवा, तारखेसकट. लिहिलेलं पाठवायच्या आधी नोंदवा, ऑनलाइन होतं, फार खर्च नाही.

वाहिन्यांकडून उत्तर जाहीर आलं तर बरं, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. बोलायचंच असेल तर माझा नंबर तुमच्याकडे आहे. सध्या वेचणी चालू आहे, दिवसा मी शेतात असते, तिथे रेंज नाही. संध्याकाळी सातच्या नंतर करा.